फरशीवर बसून मागितलेला समुद्र

खुर्च्या रिकाम्या होत्या अन् आमी दोघं फरशीवर बसलो होतो. खाली बसा, असं कोणी म्हटलं नोतं. बा दारात चपला काढून भिंतीपाशी टेकला, अन् मीही त्याच्या बाजूले टेकली. एमएस्सी झालेली बाई. पाय आपोआप दुमडले. मेडशीजवळच्या आमच्या वस्तीवरचा माणूस मालकापुढं खुर्चीत बसत नसते. मले कोणी शिकवलं नोतं, पाहूनच शिकली होती.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावातलं ते ऑफिस एका ट्रस्टचं. जिल्ह्यातल्या पोरापोरींच्या संशोधनाले मदत करतो, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. अध्यक्ष म्हणजे आमचा मालक. बा त्याच्याच वावरात राबे. माहं काम समुद्राचं. कोकणातल्या खाडीच्या चिखलात तिसऱ्या भेटतात, शिंपल्यातला जीव, तिकडच्या बाया त्या येचून विकतात. त्या काहून कमी होऊन राह्यल्या, हे मले शोधायचं होतं. तिथली एक प्रयोगशाळा भागीदार व्हायले तयार होती. जागा त्यांची, होडी त्यांची. खर्चाले कोणीतरी पाहिजे होतं.

मालकानं कागदं उलटेपालटे केले. माह्याकडं पाह्यलंच नाही. तो बापेक्षा लहान, तरी बाले अरेतुरे.

“काय रे, वाशीमले समुद्र कधी आला?”

बाजूचे ट्रस्टवाले दोघं हसले. बा पण हसला, हात जोडून हसला. शरम मालकाची नाही वाटली, बाची वाटली, अन् मंग तशी वाटली म्हणून माही मलेच वाटली.

मी बोलायले लागली. खालून वर पाहून तिसऱ्यांचं सांगत राह्यली. मालकानं थोडं आयकलं.

“काम बरं हाय. पण नाव माह्या भाच्याचं राहीन. तो मुंबईले शिकते. तू चिखल काढ. तुमाले सवय हाय चिखलाची.”

अन् माह्या तोंडून काय निघालं? “हो जी.”

थू माह्यावर. एवढं शिकली, अन् जीभ मालकाचीच राह्यली.

बा खूश झाला. त्यानं माह्या मानंवर हात ठेवून खाली दाबला. “पाया पड मालकाच्या.”

लहानपणी याच हातानं मले वावराच्या धुऱ्यावर वाकवलं होतं, याच पायांपुढं. तवा मी वाकली होती. आता मान वाकेचना.

मी उठली. खुर्ची ओढली अन् बसली.

“काम माहं हाय, नावही माहंच राहीन. मंघाशी हो म्हटलं, ते वापस घेतो मी.”

मालक बाले म्हणाला, “पोरीले खाली बसव.”

मी म्हटलं, “बा, तू वर ये. खुर्ची हाय.”

बा उठला नाही. फरशीकडं पाहत राह्यला.

एसटीतून मेडशीले उतरताना बा म्हणाला, “आता सोंगणीले कोणाच्या वावरात जाऊ?” मालकानं त्याले कामावर बोलावणं बंद केलं, अन् त्याच्या ताटातली अर्धीच भाकर पाह्यली का मले अजून शरम वाटते.

पैसा भेटला नाही. दुसऱ्या दारांवर जाऊन राह्यली, अर्ज माह्याच नावानं. चिखलात मी कमरेलोक उतरीन. पण ज्या दारात माह्या बाले खुर्ची नाही, त्या दारातून मले समुद्र नको.