परत पाठवलेल्या पिशव्या

सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये तिला सगळे तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठ वळली की चिठ्ठीबाई. तिला हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. उलट तिला ते आवडायचं. अहो, त्या लाल चिठ्ठीला आख्खी वस्ती घाबरून होती, आणि कुणीतरी आपल्याला घाबरतंय याचं सुख तिला आयुष्यात उशिराच मिळालेलं!

चिठ्ठीचं प्रकरण असं. दर मंगळवारी गाडी घरोघरचा सुका कचरा गोळा करून शेडमध्ये आणायची. प्रत्येक पिशवीवर त्या त्या घराचा नंबर लिहिलेला. दुधाच्या पिशव्या, तेलाच्या बाटल्या, दह्याचे डबे, जे काय प्लास्टिक असेल ते धुऊन, वाळवून द्यायचं, एवढीच अट. आता तुम्ही म्हणाल, कचऱ्याला कसली आलीय आंघोळ? वस्तीतले लोकही हेच म्हणायचे. पण एक खरकटी पिशवी कारखान्याला विकायच्या गठ्ठ्यात गेली की ती आतल्या आत कुजते, तिच्याबरोबर शेजारची कुजते, आणि कारखाना आख्खा गठ्ठा माघारी धाडतो. मग तो गठ्ठा जातो गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर, आणि शेडमधल्या सहा बायकांची आठवडाभराची कंबरमोड मातीत. म्हणून चिठ्ठीबाईनंच नियम काढला होता. पिशवीचं तोंड उघडायचं, वरचं बघायचं, वास घ्यायचा. घाण निघाली की आत हात घालायचा नाही. 'धुऊन द्या' छापलेली लाल चिठ्ठी सुतळीनं बांधायची आणि पिशवी आल्या वाटेनं परत, थेट त्या घराच्या दारात. घाण पिशव्या उपसत बसलं तर दिवस पुरायचा नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

सुरुवातीला लोकांनी शिव्याशाप दिले. एका मास्तरांनी तर शेडपर्यंत येऊन तिला नियम शिकवले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी मास्तरांच्या पिशवीला दोन चिठ्ठ्या बांधल्या. दोन महिन्यांत वस्ती सरळ झाली. ज्या बायकांनी नाकं मुरडली होती त्यांच्याच दोऱ्यांवर दुधाच्या पिशव्या कपड्यांसारख्या वाळत दिसायला लागल्या.

पण तिची खरी ताकद चिठ्ठीत नव्हती. ती पिशव्या वाचायची. कुणाकडं बाळ झालं, कुणाची नोकरी गेली, कोण चोरून पितो, कोणत्या घरात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि वेगवेगळी बिस्किटं खातात, सगळं तिला कळायचं. आणि तोंड शिवलेलं हं! एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात गेली असं तिच्याकडून कधी झालं नाही. एकदा कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याच्या पिशवीत तीन आठवडे नुसती बिस्किटांची वेष्टनं आली. ना तेलाची बाटली, ना दुधाची पिशवी. ती गाडीवाल्याला म्हणाली, "अरे, त्या घरात चूल पेटत नाहीये." काम टाकून गेली तर शिंपीण अंथरुणाला खिळलेली आणि शिंपी बिस्किटं पाण्यात बुडवून तिला भरवत बसलेला. चिठ्ठीबाईनं पंधरा दिवस त्यांना डबा पोचवला. तेव्हा वस्तीनं तोंडात बोटं घातली. या बाईला काही सांगावं लागत नाही, तिला पिशवीतूनच कळतं, असं लोक म्हणायला लागले. तिची लेक तर हे जगाला सांगत सुटायची.

लेक एकुलती एक. नवरा गेला तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. तिला सोबत घेऊन चिठ्ठीबाईनं आधी रस्त्यावरच्या बाटल्या वेचल्या, मग शेड आली तेव्हा शेडमध्ये लागली. पोरीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, गरीब गायच तो. त्यांचं घर शेडपासून दोन गल्ल्यांवर, बेचाळीस नंबर.

आणि मायलेकींचा अबोला होता. आठ महिने!

झालं काय होतं, तर नातीला ताप होता. चिठ्ठीबाई ऐकल्याबरोबर शेडमधून तशीच धावली. दारात पाऊल टाकून नातीला घ्यायला वाकली, तर लेक म्हणाली, "आई, आधी हात धू. साबणानं. दोनदा धू." बोलण्यात काही वावगं नव्हतं, ताप होता पोरीला. पण तिथं शेजारीण बसली होती, आणि शेजारणीनं मान फिरवली. बस्स. चिठ्ठीबाईच्या डोक्यात सणक गेली. "याच हातांनी तुला वाढवली," ती म्हणाली, "तेव्हा नाही वास आला तुला?" लेकही तिचीच, ती कशाला गप्प बसतेय? म्हणाली, "येत होता. सांगितलं नव्हतं इतकंच." तिथून जी उठली ती उठलीच. रात्रभर रडली, पण मऊ पडली नाही. मी तिची बाजू घेत नाही. लेकीचीही घेत नाही. दोघी सारख्याच हट्टी, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

तेव्हापासून दोघींत एकच गोष्ट येत-जात होती. मंगळवारची पिशवी.

बेचाळीस नंबरची पिशवी चिठ्ठीबाई दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. काय ती पिशवी! दुधाच्या पिशव्या कडेनं उभ्या चिरून, उघडून, धुऊन, वाळवून, घडी करून एकावर एक. कापताना कोपरा तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण ते इवलाले तुकडे गटारात जातात. हे चिठ्ठीबाईनंच पोरीला लहानपणी शिकवलेलं. अबोल्यातही पोरीनं एक कोपरा कधी तोडला नाही. पिशवी उपसताना नातीची प्रगती कळायची. पावडरीच्या दुधाची पाकिटं कमी झाली, बिस्किटं सुरू झाली, मग रंगीत खडूंचा डबा आला. चिठ्ठीबाई त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलायची. बायका आपसांत हसायच्या, आज बेचाळीस नंबर आला वाटतं.

तिला काय हवं होतं हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं. लेकीनं एकदा बोलवावं. एकदाच. ती चपला न घालता गेली असती.

आणि मग एका मंगळवारी बेचाळीस नंबरची पिशवी घाण आली.

तोंड सोडलं तर आंबलेल्या दुधाचा भपकारा. वरच दोन दुधाच्या पिशव्या, कशातरी फाडलेल्या, आत दूध साकळलेलं. चिठ्ठीबाई बघतच राहिली. चाळीस घरांना जमतं ते हिला जमत नाही? जमत कसं नाही, मुद्दाम केलंय! आईच्या तोंडावर फेकलीय पिशवी. वास येतो ना माझ्या हाताला, घे मग वास, असंच म्हणायचंय तिला. अपमानानं तिचे कान तापले. तिनं सुतळी घेतली.

गाडीवाला म्हणाला, "मावशी, पोरीचं घर आहे. राहू द्या, मी धुतो नळावर."

"नियम म्हणजे नियम. परत टाक."

दुसऱ्या मंगळवारी तेच. पिशवी फुगलेली, गच्च भरलेली, वर खरकटं. पुन्हा चिठ्ठी. गाडीवाला चुळबुळला. "पोरगी दिसत नाही हो हल्ली. जावईच ठेवतात पिशवी बाहेर."

"दिसेल कशाला? महाराणी झालीय ती."

तिसऱ्या मंगळवारी चिठ्ठीबाईनं तोंडसुद्धा पुरतं सोडलं नाही. वास आला, पुरे झालं. गाठ तिनं दातओठ खाऊन दोनदा मारली हे शेजारच्या बाईनं बघितलं, पण बोलायची कुणाची छाती? घरी जाऊन ती एकटीच भिंतीशी भांडली. एवढा राग? आईवर एवढा राग?

चौथ्या मंगळवारी पिशवी आली ती स्वच्छ.

तिनं गाठ सोडली, नाक जवळ नेलं, नुसता साबणाचा वास. तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की गाडीवालाही हसला. "आली का नाही वठणीवर? पोरगी कुणाची आहे!" ती मोठ्यानं म्हणाली. आज संध्याकाळी जायचं, तिनं ठरवून टाकलं. बोलावणं नाही आलं तर नाही आलं. पिशवी धुतली हेच बोलावणं. नातीला काय न्यावं, असा विचार करत तिनं पिशवी टेबलावर उपडी केली.

पहिली दुधाची पिशवी हातात घेतली आणि ती थांबली. कोपरा तोडलेला होता. दुसरी घेतली. तोडलेला. सगळ्यांचे तोडलेले, धुणंही अडाण्याचं, साबणाचा फेस तसाच वाळलेला. हा पोरीचा हात नव्हे. ती भराभर बाकीचं वेगळं करायला लागली. पावाची वेष्टनं, पाव, पाव, बिस्किटं. तेलाची बाटली नाही. शांपूची पुडी नाही. त्या घरात चूल पेटत नव्हती. आणि खाली, पिशवीच्या तळाशी होतं ते सगळं शेवटी घसरून टेबलावर आलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं. पाच नाही, दहा नाही, ढीग. तीन-चार आठवड्यांची, कारण परत गेलेल्या पिशव्यांतलंच सगळं पुन्हा भरलेलं होतं. सलाईनच्या नळीचं वेष्टन. आणि दवाखान्यात मनगटाला बांधतात ती प्लास्टिकची पट्टी, कात्रीनं कापलेली. तिच्यावर मोठ्या दवाखान्याचं आणि लेकीचं नाव.

तिनं ती पट्टी मुठीत घेतली. गाडीवाल्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं तिला तशीच गाडीत बसवली, बाकीच्या पिशव्या शेडच्या दारात ओतल्या आणि बेचाळीस नंबरला कुलूप दिसताच मोठ्या दवाखान्याकडं गाडी हाणली.

जावई वॉर्डबाहेर बाकावर बसला होता. दाढी वाढलेली. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि उठलासुद्धा नाही.

"आलात?" तो म्हणाला. "आज?"

"मला माहीत नव्हतं रे."

"पिशव्या तर तुमच्याकडंच येत होत्या."

तो भांडत नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एका सुरात सगळं सांगितलं. रक्ताचा आजार होता, झपाट्यानं वाढणारा. महिनाभरापूर्वी चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. मधे चार दिवस ठेवून घरी सोडलं होतं, तर उभं राहवत नव्हतं तिला, मोरीपर्यंत जाता येत नव्हतं. आता पुन्हा आणलेली. नात शेजारणीकडं आहे. "मी म्हटलं, आईंना फोन करतो. तर नको म्हणाली. म्हणाली, आईला सांगावं लागत नाही, ती पिशवी वाचते. गोळ्यांची पाकिटं बघितली की धावत येईल. स्वतः टाकायची पाकिटं पिशवीत, आणि मंगळवारी दाराकडं तोंड करून झोपायची."

चिठ्ठीबाईनं मुठीतली पट्टी त्याच्यापुढं धरली.

"पिशवी परत आली," जावई म्हणाला. "पहिल्यांदा म्हणाली, नजरचूक झाली असेल. दुसऱ्यांदा भिंतीकडं तोंड करून झोपली. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा म्हणाली, आईनं बघितलंय. बघूनच पाठवलीय. राहू दे आता, त्रास नको देऊ तिला. परवा इथं यायच्या आधी मला म्हणाली, तेवढी पिशवी धुऊन ठेव. आईला उगाच बांधत बसावं लागतं."

आत लेक मशीनला लावलेली होती. इतकी बारीक झाली होती की चादर सपाट दिसत होती. परिचारिकेनं स्टूल दिलं. म्हणाली, पहाटेपासून शुद्ध नाही, पण बोला तुम्ही, कधीकधी ऐकू येतं म्हणतात.

चिठ्ठीबाईनं लेकीच्या कानाशी तोंड नेलं. जी बाई आठ महिने एक शब्द बोलली नाही ती बोलायला लागली. "मी बघितलं नाही गं. ऐकतेस का? मी आत हात घातलाच नाही. वरचं दूध बघितलं आणि बांधून टाकली. आतलं मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर आले नसते का? बाळा, बघून नाही पाठवली. न बघता पाठवली गं मी." एवढं झालं की ती थांबायची, लेकीच्या पापण्यांकडं बघायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. जावई आत आला, बाहेर गेला. डॉक्टर आले, त्यांनी जावयाला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात काही सांगितलं. जावई तिथंच खाली बसला.

चार वाजता परिचारिकेनं येऊन मशीन बंद केलं आणि नळ्या काढल्या. तिनं चिठ्ठीबाईच्या खांद्यावर हात ठेवला. चिठ्ठीबाईनं तो झटकला आणि पुन्हा लेकीच्या कानाशी वाकली, कारण तिचं सांगून व्हायचं होतं.