कस्टमर, क्लायंट आणि आनेकलच्या अक्का

चिकपेटचं साड्यांचं दुकान बंद करून दादानं हेब्बाळला शोरूम काढली, तेव्हा त्यानं घरात इंग्रजीचा वर्गच घेतला. "कस्टमर येतो, वस्तू घेतो, जातो. क्लायंट आपल्या भरवशावर येतो, त्याच्याशी नातं टिकतं. यापुढे आपल्याला क्लायंट हवेत."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "सरी, बरं. मग मी आजवर काय केलं?" दादा नुसता हसला. मला अस्सा राग आला! जन्म गादीवर काढलेल्या माणसाला हे शिकवायचं?

आनेकलच्या अक्कांच्या घरी लग्न निघालं की नवरीची साडी आमच्याकडूनच जायची. त्या अण्णांचा हातगुण मानत. अण्णांनी घडी उलगडायची, पदराला कुंकू लावायचं, मगच अक्का भाव विचारणार. आता त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. "ती साडी मीच देणार," अण्णा भेटेल त्याला सांगत होते. शोरूममध्ये त्यांना दुसरं काम उरलंच नव्हतं.

अक्का आल्या त्या नेमक्या अण्णा जेवायला घरी असताना. हातात हळदकुंकवाचं ताट. दारातल्या मुलीनं अपॉइंटमेंट विचारली. "स्वल्प बसते की, अण्णा येईपर्यंत," अक्का म्हणाल्या. दादानं आतूनच निरोप पाठवला, गुरुवारी या. हे मला त्या मुलीनंच संध्याकाळी सांगितलं. दादाला जाब विचारला तर म्हणतो, "सिस्टिम आहे." डोंबलाची सिस्टिम!

रविवारी अक्का घरी आल्या, पत्रिका आणि एक पुडकं घेऊन. साडी आमच्या जुन्या दुकानासमोरच्या दुकानातली होती.

"राग मानू नका अण्णा. मुहूर्त जवळ आला, थांबता येईना. पण घडी तुमच्याच हातानं उलगडायची."

अण्णांनी हात धुतले, पुसले. घडी उलगडली, पदराला कुंकू लावलं, जरीवरून बोट फिरवलं. "चांगली आहे हो. पोरीला शोभेल." मला बघवेना.

दादा दारात उभा होता. मी सोडलं नाही. "काय रे, या तुझ्या कोण? कस्टमर की क्लायंट?"

अण्णा माझ्यावरच खेकसले, "गप्प बस. पाहुण्यांसमोर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं खालून गाडीचा हॉर्न वाजवला. अण्णांचा इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच होता. ते खिडकीत गेले आणि म्हणाले, "तू जा रे. मला भेटायची अपॉइंटमेंट कुणी घेतलेली नाही."