तुटक रेघ

आमचे मामंजी दिवसभर नेमकं काय काढत, ते घरात कुणीच पाहिलं नव्हतं. जबलपूरच्या फॅक्टरीत ते ड्राफ्ट्समन होते. तोफांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची आणि ती कुलूपबंद कपाटात जायची, एवढंच आम्हाला माहीत. गेटवर झडती होई, कागदाचा कपटाही बाहेर येत नसे. "उभा जन्म रेघा ओढून राहिलो, सूनबाई, अन् घरच्यांना दाखवायला एक नाही," असं ते हसून म्हणत. मला ते हसणं लागायचं.

दाखवता येतील अशी चित्रं शेवटी त्यांनी घरीच काढायला घेतली, तीही सासूबाईंच्या कवितेवर. मी वर्ध्याहून लग्न होऊन आले त्याआधीच सासूबाई गेल्या होत्या. तांदूळ निवडता निवडता त्यांनी ती रचली होती म्हणे. माहेरच्या उंबऱ्यातून निघालेली एक बाई चालत चालत नर्मदेपर्यंत येते, आणि वाटेत लग्न, लेकरू, दुखणं, म्हातारपण सगळं भेटतं. कागदावर ती कधी उतरली नाही. मामंजींना तोंडपाठ होती, आणि आपल्याबरोबर तीही जाईल याची त्यांना धास्ती होती. "मग लिहून काहून नाही ठेवत?" मी विचारलं. "शब्द तिचे. मला रेघ येते," ते म्हणाले.

सकाळी फॅक्टरीचा भोंगा व्हायच्या आत ते खिडकीशी बसत. चहा निवून जाई आणि मी तो गरम करून करून वैतागे. चित्रं म्हणाल तर बैलगाडी अशी, की सुताराने पाहून दुसरी बनवावी. नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवावासा वाटे. माणसं मात्र खुंट्यांसारखी ताठ. आणि कवितेतल्या बाईच्या जागी सासूबाई, प्रत्येक चित्रात तुटक रेघेने. गेलेल्या माणसाला असं काढत असतील, असं मी धरून चालले.

मग लढाई लागली. माझे यजमान फौजेत, थेट सरहद्दीवर. छावणीतल्या सदर बाजारात बायका भाजीचा भाव सोडून एकमेकींना "कुछ ख़बर आई?" एवढंच विचारत. खिडक्यांना काळे कागद लागले, फॅक्टरी रात्रंदिवस चालू झाली. मामंजी सुजलेल्या पायांनी घरी येत, तरी सकाळी खिडकीचा कागद बाजूला सारून बसतच.

लेकरू मोठं होऊन घर सोडतं, ते कडवं आलं होतं. मी चहा घेऊन गेले आणि पाहिलं. दारात मी उभी होते, ठसठशीत रेघेत. माझ्या शेजारी हे होते, तुटक रेघेने.

कपबशी तिथेच फुटली. सासऱ्यांपुढे कधी मान वर न केलेली मी, तोंडाला येईल ते बोलले. "जित्याजागत्या लेकाला असं काढता? तुम्हाला काही कळलंय का? माझ्यापासून लपवून राहिले का?"

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "अवं बाई, नाही नाही," ते म्हणाले. "आमच्या कामात जो भाग कशाच्या आड आहे, इथून दिसत नाही, तो तुटक रेघेने दाखवतात. आहे म्हणूनच दाखवतात. नसता, तर काढलाच नसता."

मी खाली बसून काचा वेचू लागले. मग भिंतीवर लावलेल्या चित्रांतल्या सगळ्या सासूबाई एकदम दिसल्या आणि मला रडू आवरेना. मामंजींनी माझ्या हातातून काचा काढून घेतल्या.

हे परत आले, थोडे लंगडत, पण आले. मी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामंजी म्हणाले, "चलो, आता तिथंच उभा राय जरा." आत गेले, चित्र आणि पेन्सिल घेऊन आले, आणि लेकाकडे बघत बघत त्या रेघेतली एकेक फट जोडत गेले. सगळी जोडून झाल्यावर मग त्याला पोटाशी धरलं.

शेवटच्या कडव्याला त्यांनी घाट काढला. पायरीवर दोघं पाण्याकडे बघत बसलेले. सासूबाई तुटक, मामंजी स्वतः सलग. त्याला त्यांनी पुढे हात लावला नाही. पेन्शनीत गेल्यावर तेच एक चित्र ते तासन्‌तास बघत बसायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

ते गेले आणि तेरावं झालं. पाहुणे गेले, घर रिकामं झालं. त्यांच्या वेळेला, सकाळी, मी खिडकीशी जाऊन बसले. सवयीने त्यांच्याही वाटचा चहा झाला होता. ते घाटाचं चित्र मांडीवर घेतलं, त्यांच्या पेटीतलं रबर काढलं, आणि त्यांची रेघ थोडी ठेवून थोडी, थोडी ठेवून थोडी, अशी पुसत गेले.

हे मागे येऊन उभे राहिले. "अगं, बाबांना काहून पुसून राहिली?"

"पुसत नाही," मी म्हटलं. "इथून दिसत नाहीत, एवढंच."