दहा धरा, दहा सोडा

फिटरकाकांच्या हातून माप चुकलं असं कुणी सांगितलं असतं, तर कारखान्यातल्या पाण्याच्या पिंपानेसुद्धा ते खरं मानलं नसतं. एकतीस वर्षं लोखंडी कपाटं जोडण्यात गेलेली. दोन दारांमधल्या फटीत एक पोस्टकार्ड सरकलं पाहिजे, दोन सरकता कामा नयेत, हा त्यांचा कायदा. दार लावताना 'टक्' असा आवाज आला की ते मान डोलवत. 'खडाक्' आला की ते कपाट आणि ते जोडणारा, दोघांनाही कोपऱ्यात उभं करत.

त्यांची टेप मात्र बघण्यासारखी. तिची पहिली दहा सेंटीमीटर फार पूर्वी पत्रा कापायच्या यंत्रात सापडून तुटून गेलेली. दुसरा कुणी असता तर स्टोअरमधून नवी मागून घेतली असती. काका म्हणाले, "एक दात पडला म्हणून कुणी तोंड फेकून देतं का?" तेव्हापासून तिथे रीतच पडली. टेपवरचा दहाचा आकडा एका टोकाला धरायचा, दुसऱ्या टोकाला जो आकडा येईल त्यातून दहा सोडायचे. दहा धरा, दहा सोडा. नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला मोरी कुठे ते दाखवत आणि दुसऱ्या दिवशी हे शिकवत. एवढं आलं की तो कपाटवाला झाला.

उंट आला तोही असाच. पॅकिंग खात्यात नोकरी मागायला आला आणि ऑफिसच्या दारात शिरतानाच कपाळमोक्ष करून घेतला. सगळे धावले पाणी घेऊन, काका धावले टेप घेऊन. त्याला भिंतीला उभं करून त्यांनी मापलं आणि जाहीर केलं, "दोनशे आठ. दहा सोडून एकशे अठ्ठ्याण्णव! साहेब, हा माणूस परत पाठवू नका. शिडीचा खर्च वाचेल." उंट हे नाव त्याच दुपारी पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

आठच दिवसांत कळलं की या उंटाला बास्केटबॉल येतो. नुसता येत नाही, त्याच्या हातात चेंडू म्हणजे सुताराच्या हातात रंधा. त्या वेळी शहरातल्या आठ कारखान्यांची दरवर्षी स्पर्धा व्हायची, आणि कपाटवाले तिथे टाळ्या वाजवायला जात असत. काका तरुणपणी थोडंफार खेळलेले. त्यांनी मॅनेजरसाहेबांच्या मागे लागून गोदामामागची मोकळी जागा मिळवली. जागा अर्ध्याच मैदानाची, म्हणून रिंगही एकच. खांब काकांनी स्वतः वाकवला, फळी स्वतः कापली, आणि साहेबांसह सगळा कारखाना जमलेला असताना शिडीवर चढून रिंग स्वतः बसवली. खाली टेप धरून बसला होता उंट.

पुढची सात वर्षं काय सांगावीत! सात वर्षांत सहा कप. सातव्याला उंटाला गोवर झाला नसता तर तोही आला असता. कप ठेवायला काकांनी काचेच्या दारांचं एक कपाट केलं आणि त्यात तीन खण रिकामे सोडले. कुणी विचारलं तर म्हणत, "येणाऱ्या पाहुण्यांची गादी आधीच घातलेली बरी."

खेळाची पद्धत सोपी होती. चौघांनी मिळून चेंडू उंटाकडे पोचवायचा. उंट रिंगखाली डाव्या बाजूला एका ठरलेल्या जागी उभा असे. तो चेंडू घेई आणि फळीवर डबा ठेवावा तसा वर ठेवून देई. बाकीच्यांना रिंगकडे बघायचंही काम नसे. गोदामामागच्या मैदानात त्या जागेवरचा फरशीचा रंग त्याच्या बुटांनी घासून घासून उडाला होता.

आणि एक दिवस उंट गेला. बंदराच्या शहरात मोठा संघ होता, तिथे नोकरी, राहायला घर, सगळंच होतं. काकांनीच त्याला सांगितलं, "जा लेका. उंटाने किती दिवस गोठ्यात राहायचं?" निरोपाला सगळे रडले. वेल्डर तर चष्मा लावून रडला, म्हणजे ठिणग्यांनी डोळ्यांत पाणी आलं असं म्हणता येईल.

मग स्पर्धा सुरू झाली.

पहिल्या सामन्यात काय व्हावं? पेंटर, जो आता कप्तान झाला होता, त्याने चेंडू पळवत आणला, दोघांना चकवलं आणि सवयीने सपकन डावीकडे फेकला. उंटाच्या जागेवर. तिथे कुणी नव्हतं. चेंडू थेट गुण लिहिणाऱ्या मास्तरांच्या थर्मासवर. थोड्या वेळाने वेल्डरने तेच केलं. मास्तरांनी थर्मास उचलून मांडीवर घेतला. अर्ध्या खेळात अकरा वेळा चेंडू त्या रिकाम्या जागी गेला. बत्तीस गुणांनी हरले. समोरचे ओरडत होते, "उंट गेला, आता शेळ्या कोण हाकणार?"

काका डगमगले नाहीत. सरावाला त्यांनी उंटाच्या जागेवर एक साडेसहा फुटी कपाट आणून उभं केलं. "आता टाका तिकडे चेंडू!" टाकला की धाड्‌कन परत तोंडावर. पेंटरने कपाटाच्या दारावर ब्रशने लिहिलं, 'रजेवर'. चार दिवसांत सगळ्यांची खोड मोडली. चेंडू आता एकमेकांकडे जाऊ लागला, आणि गंमत म्हणजे रिंगमध्येही पडू लागला. सरावात पेंटर दहांतले आठ टाकायचा, वेल्डर सात. काका घरी जाऊन काकूंना म्हणाले, "बघशील तू. उंट गेला ते एका अर्थी बरंच झालं. पोरांना हात फुटले."

"कपाटाला फुटले नाहीत ना?" काकू म्हणाल्या. "तेवढं बघा."

पण शहरातल्या मैदानावर गेले की ते हात कुठे जात कुणास ठाऊक. चेंडू सरळ जाई, नेमका जाई, आणि रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येई. दर वेळी चार बोटं कमी. दुसरा सामना गेला, तिसरा गेला, चौथा गेला. "कपाटवाले, जोर लावा, दार घट्ट बसलंय!" लोक ओरडत. वेल्डर म्हणाला खुराक कमी पडतोय. पेंटर म्हणाला, "काका, गर्दी बघितली की माझे हात गळतात. मी कप्तान होण्याच्या लायकीचा नाही." काकांनी त्यांना जोर-बैठका काढायला लावल्या. पाचवा गेला. सहावाही गेला.

आता उरला एकच सामना, साबणवाल्यांशी. तेही सहाच्या सहा हरलेले. नियम असा की शेवटचा संघ स्पर्धेतून बाहेर. मॅनेजरसाहेबांनी काकांना बोलावून चहा दिला, तेव्हाच काका समजले की बातमी गोड नाही.

"काका, तयार माल उघड्यावर भिजतोय. स्पर्धेत असलात तर मैदान तुमचं. बाहेर पडलात तर मी तिथे शेड घालणार. मला वाईट वाटेल, पण घालणार."

"वाईट वाटू देऊ नका साहेब. शेड लागणार नाही," काका म्हणाले आणि बाहेर येऊन खांबाला टेकून उभे राहिले. सामन्याला पाच दिवस होते. कपाळावर घाम होता आणि त्यांच्या ठाम बोलण्यामागे पोस्टकार्डाएवढाही आधार नव्हता.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी जे करायचं नाही असं ठरवलं होतं तेच केलं. उंटाला फोन लावला.

"काका! कसे आहात? काकू कशा आहेत?"

"सगळे मजेत. कपाट तुझी आठवण काढतं. लेका, एका सामन्यापुरता येशील का?"

उंट म्हणाला, "काका, मला दुसऱ्या संघातून खेळता येत नाही. सही केलीय मी. येता आलं असतं तर चालत आलो असतो."

"ते कळलं. पोरांचं काय बिनसलंय ते तरी सांग. इथे दहांतले आठ पडतात, तिथे सगळे आखूड."

"सगळे आखूड?"

"चार बोटं. दर वेळी."

"काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"तुझ्यावर कधी रागावलोय?"

"रिंग मोजा."

"कुठली रिंग?"

"आपली. नव्या टेपने मोजा. त्या दिवशी खाली मी दहा धरले होते काका. वर तुम्ही दहा सोडलेत की नाही, मला कळलं नाही. पण पहिल्यांदा शहरात खेळलो तेव्हा कळलं. तिथली रिंग उंच होती."

"आणि सात वर्षं बोलला नाहीस?"

"नवी नोकरी होती माझी! साहेब टाळ्या वाजवत होते. तुमचं माप चुकलं म्हणून मी सांगायचं? नंतर जितके दिवस गेले तितकं सांगणं कठीण होत गेलं. आणि मी होतो तोवर कुणाचं काही अडत नव्हतं. मी हात थोडा आणखी लांबवला की झालं."

काकांनी स्टोअरमधून कोरी टेप काढली. स्टोअरकीपर बघतच राहिला, काकांनी टेप मागितल्याचं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. काका शिडी लावून चढले. रिंग जमिनीपासून तीनशे पाच हवी. भरली दोनशे पंचाण्णव. त्यांनी तीनदा मोजलं, टेप उलटी करूनही बघितली. दोनशे पंचाण्णवच. त्या दिवशी टाळ्यांच्या नादात टेपवर तीनशे पाच दिसले, तिथेच खूण केली, आणि कारखान्याला दहा सोडायला शिकवणारा माणूस स्वतः दहा सोडायचं विसरला. सात वर्षं सगळ्यांच्या नजरा उंटावर. रिंगकडे बघायला फुरसत कुणाला होती?

शिडीवर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, चारच तर बोल्ट आहेत. आत्ता वर सरकवली तर कोणाच्या बापाला कळणार नाही. एकतीस वर्षांचं नाव शाबूत राहील. मग डोळ्यांपुढे पेंटर आला. उद्या इथेही त्याचे चेंडू आखूड पडायला लागतील, आणि तो म्हणेल, झालं, आता इथेही हात गळाले. नाव वाचेल, पोरगा बुडेल. काका खाली उतरले.

पाळी सुटली तेव्हा त्यांनी सगळ्यांना खांबाजवळ बोलावलं, हातात दोन्ही टेपा घेतल्या आणि काहीही न लपवता सांगून टाकलं. बोलताना आवाज बदलला नाही, फक्त कान लाल झाले.

पेंटर हळूच म्हणाला, "म्हणजे काका... माझे हात गळत नाहीत?"

"नाही रे बाबा."

"म्हणजे दोन महिने आम्ही नालायक नव्हतो, तुम्ही होता?"

"सोळा आणे."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" पेंटर ओरडला आणि त्याने काकांना उचललंच. वेल्डर हसता हसता खाली बसला. "दोनशे जोर काढले मी! दोनशे! काका, त्यातले दहा तरी सोडायचे!"

त्याच संध्याकाळी रिंग वर गेली. बोल्ट पेंटरने पिळले, टेप काकांनी धरली आणि आकडा पाच जणांनी पाच वेळा वाचला. पुढचे चार दिवस पोरं खेळली ती कर्ज फिटल्यासारखी मोकळी. पहिल्या दिवशी दहांतले तीन पडले, कुणी हिरमुसलं नाही. चौथ्या दिवशी सहा पडू लागले.

साबणवाल्यांचा सामना म्हणजे काही डोळ्यांचं पारणं फिटावं असा नव्हता. दोन्ही संघ चेंडू हातातून सांडत होते. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा साबणवाले एका गुणाने पुढे. पेंटरकडे चेंडू आला. डावीकडची ती जागा मोकळी होती. गुण लिहिणाऱ्या मास्तरांनी सवयीने थर्मास उचलला. पेंटरने तिकडे पाहिलंही नाही. जागेवरूनच उडी मारून त्याने चेंडू सोडला. चेंडू पुढची कड ओलांडून गेला, मागच्या कडेवर आपटला, रिंगवर एक फेरी मारून आला, आणि आत पडला.

काका खुर्चीवरून उठले ते थेट मास्तरांच्या गळ्यात. चहा सांडला तो सांडलाच.

आठांत सातवा नंबर. सातव्याला कप कुठला? पण दुसऱ्या दिवशी काकांनी तुटकी टेप काचेच्या कपाटातल्या पहिल्या रिकाम्या खणात ठेवली आणि दार लावलं. 'टक्' झालं. मॅनेजरसाहेब बघून म्हणाले, "सातव्या नंबरचा एवढा डौल?"

"साहेब, पहिला नंबर उंटाचा होता. हा आमचा आहे."

त्यानंतर मात्र काकांना मोजायचं वेडच लागलं. नवी टेप खिशात घेऊन त्यांनी घर पालथं घातलं. खिडकी बरोबर. पलंग बरोबर. स्वयंपाकघरातली ओट्यावरची फळी, उंटाच्या येण्याच्याही आधी बसवलेली, भरली दहा सेंटीमीटर खाली. काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, ओशाळले आणि म्हणाले, "अगं, ही पण चुकलीय. दहा मिनिटांत वर घेतो."

काकू पोळपाट बाजूला ठेवून उठल्या आणि फळीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हात लावून तर बघा! या घरात तुम्ही बसवलेल्यांपैकी माझा हात पोचतो अशी ही एकच फळी आहे."