शिकवलेली मिठी

मॉली दुबईच्या बुर दुबई भागातल्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर होती. पाहुणा दारातून आत येईपर्यंत तो दमलाय की चिडलाय हे तिला कळे. नव्या मुलींना ती तेच शिकवी. जवळच अल मनखूलमधल्या घरी मात्र चार वर्षांच्या लेकाचा, शेल्डनचा चेहरा तिला काहीच सांगत नसे. ती कामावरून आली तरी तो तिच्याकडे बघायचा नाही. मागून यायचा, तिच्या कोपरावर हनुवटी घासायचा आणि निघून जायचा. टोकदार हनुवटी, दुखायचं. "नो, शेल्डन!" म्हणत ती हात काढून घेई.

ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. पण वसईला सासूबाईंच्या पंचाहत्तरीला जायचं होतं. तिथे रोझरीची प्रार्थना संपली की मुलं रांगेने मोठ्यांचा आशीर्वाद घेतात, मिठ्या मारतात. मागच्या खेपेला शेल्डन टेबलाखाली जाऊन बसला, तेव्हा नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती, "दुबईत एसी थंड, पोरंपण थंड!"

मॉलीने ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी सराव. दोन्ही हात गळ्याभोवती, क्षणभर थांबायचं, सोडायचं. जमलं की "गुड हग, शेल्डन!" आणि चॉकलेटचं बिस्किट. हनुवटी कोपराशी आली की बिस्किट नाही.

"अगं, पोरगा आहे की हॉटेलातला ट्रेनी?" नवरा जेरार्ड म्हणाला.

"तू गप रे. तुझ्याच बहिणीचं तोंड बंद करायचंय."

ते बंद झालं. शेल्डनने वसईत रांगेत उभं राहून एकूण एकाला मिठी मारली. सासूबाईंचे डोळे भरून आले.

दुबईला परतल्यावर शेल्डनच्या थेरपी सेंटरमध्ये हुमेरा नावाची नवी थेरपिस्ट आली होती, रत्नागिरीची. तिने विचारलं, "तुम्ही घरी आल्याचा आनंद तो कसा दाखवतो?"

"हग करतो. मीच शिकवलंय."

"शिकवायच्या आधी काय करायचा?"

एखादी वाईट खोड मोडल्याच्या थाटात मॉलीने सगळं सांगितलं.

"पप्पांना घासायचा हनुवटी? आणखी कुणाला?"

"नाही. मलाच..."

मॉलीचा हात आपल्या कोपरावर गेला.

"परत तसं करेल ना तो?" मॉलीने विचारलं.

"इन्शाल्ला. पण वाट बघायची, मॅडम. मागायचं नाही."

त्या संध्याकाळी मॉली बाही वर सारून सोफ्यावर बसून राहिली. शेल्डन आला. समोर उभा राहिला, हात गळ्याभोवती टाकले, क्षणभर थांबला, सोडले. मग तळवा पुढे केला.

"आज बिस्किट नाही, बाळा. हगपण नको."

त्याने हात मागे घेतला. आपलं काहीतरी चुकलं असं त्याला वाटलं असावं. त्याने पुन्हा मिठी मारली, या वेळी जास्त घट्ट, आणि अगदी तिच्याच सुरात स्वतःला म्हणाला, "गुड हग, शेल्डन."