शेजारच्या कुंडीतली तुळस

हातात कात्री, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी आणि आमच्या दारात उभं राहून एकच प्रश्न: "मम्मी, टुडे कॅन कट?"

आखातातल्या दुखानच्या कंपनी कॉलनीतली आमची ही शेजारीण मलेशियाची, चिनी घरातली. मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. आणि कापायचं काय, तर तिच्याच कुंडीतलं झाड! स्वतःच्या झाडाला कात्री लावायला शेजाऱ्यांची परवानगी मागणारी बाई तुम्ही कुठे पाहिली आहे?

त्याचं असं झालं. आमच्या दोन घरांमधल्या कठड्यावर, एसीचं पाणी ठिबकतं तिथे तिची कुंडी असे. कातरलेल्या कडांची पानं, वर जांभळट मंजिऱ्या. नाशिकहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्या झाडाला हळदीकुंकू वाहिलं.

"आई, ती तुळस नाही हो. ते लोक तिचा काढा पितात, जेली करून खातात."

"तुळशीच्याच घरातली आहे. मंजिऱ्या बघ की!" रोज संध्याकाळी तिथे दिवा लागू लागला.

शेजारीण नुसती हसून हात जोडायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण उष्ण काय आणि थंड काय, यावर पूर्ण एकमत. माझ्या हातात आंबा दिसला की ती ओरडायची, "टू हीटी!" सासूबाई लगेच म्हणायच्या, "बघ, तिला कळतं."

एका रविवारी ती कात्री घेऊन आली. "मम्मीज गॉड," ती संकोचून म्हणाली, "टुडे कॅन कट?" मी सासूबाईंना विचारलं. रविवारी तुळस तोडत नाहीत, त्यांनी मान हलवली. "ओके, ओके" म्हणत ती वळली.

मग मी सासूबाईंना सांगितलं, की तिच्या नवऱ्याच्या घशाच्या कॅन्सरवर उपचार चालू आहेत. तोंड आतून सोलून निघालंय, पाणी गिळवत नाही. त्यांची आई करायची ती गार जेली तेवढी त्यांना खावीशी वाटते आहे.

सासूबाई तापलेल्या फरशीवरून अनवाणीच धावल्या. "अगं काप, बाई! औषधाला कसला आलाय वार!" मला भाषांतर करावं लागलं नाही.

तिने फांद्या उन्हात वाळवल्या, चिमूटभर सोडा घालून उकळल्या, गाळून पिठी लावली. खरवसासारखी, पण काळीभोर वडी पडली. नवऱ्याने ती वाटीभर खाल्ली, हे सांगायला ती आमच्या ओट्याशी आली आणि रडली. आम्हीही रडलो.

पुढेही ती दर वेळी विचारायची. सासूबाई गंभीरपणे कॅलेंडर बघायच्या आणि कुठलाही वार असो, "कॅन, कॅन" म्हणायच्या.

मग एके दिवशी "खलास, गोइंग होम" म्हणत तिने कुंडी आमच्या दारात ठेवली. ओल्या कागदात गुंडाळून एक फांदी तेवढी नेली. काही महिन्यांनी तिचा निरोप आला, नवरा गेला.

इथे झाड कुंडीबाहेर लोंबायला लागलं, तरी सासूबाई कात्री लावू देईनात. "आधी तिला विचार."

मी फोनवर लिहिलं, टुडे कॅन कट? दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: "टुडे कॅन. मेक फॉर मम्मी."

त्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे पुसले आणि कात्री माझ्या हातात दिली.