बाबाच्या बंदुकीच्या चकचकीत फोटोले हार्ट देणाऱ्यांनो

काल दादानं टाकलेल्या त्या बंदुकीच्या फोटोले ज्यानं ज्यानं हार्ट दिलं, त्यानं ते काढून घ्या.

"वाव, एकदम नवी!" म्हणे.

नवी काहून पाहिजे होती तुमाले?

आज बाबाले जाऊन वर्ष झालं. दादानं त्याच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर सगळ्याले जेवायले बोलावलं. हॉलमध्ये भिंतीवर खास लाइट लावून पणजोबाची रायफल टांगलेली. पिन काढलेली, न चालणारी, पण बाबाचा जीव तिच्यात.

अशी चमकून राहिली होती की तोंड दिसावं.

मी खुर्चीवर चढून जवळून पाहिलं. नळीवर कारखान्यात ठोकलेले सगळे ठप्पे गायब.

"भनपुरीच्या बफिंगवाल्याकडून घासून आणली," दादा खुशीत. "केवढ्या खरोंचा होत्या!"

खरोंचा! ओरखडे वाटले त्याले ते!

अरे, बाबा रेल्वेत वॅगन तपासायचे. पास केली की खडूनं आपली खूण करायचे. तोच खडू खिशात घेऊन घरी यायचे अन् रविवारी या नळीवर घासायचे. फडक्यानं पुसलं की खाचेत पांढरं राहायचं, ठप्पे उठून दिसायचे.

मग मले दाखवायचे, "हे पाह्य पोट्टे. दोन काठ्या आडव्या-तिडव्या. म्हणजे मुद्दाम जास्तीची बारूद भरून उडवली, अन् नळी फुटली नाही."

"अन् हा मुकुट?"

"मुकुटाखाली अक्षर, त्याच्याखाली नंबर. हा माणूस हाय, इन्स्पेक्टर. नाव कोणालेच माहीत नाही त्याचं. पण त्यानं हातात घेऊन पाह्यलं अन् म्हटलं, पास."

पुरानी बस्तीच्या आमच्या घरी दर दसऱ्याले या बंदुकीवरून भांडण. आई पूजेचं ताट घेऊन आली की बाबा आडवे.

"लाकडाले लाव! लोखंडाले ओलं कुंकू नको, गंज धरते!"

"देवाले चालते, तुमच्या इन्स्पेक्टरले काहून नाही चालत?"

ज्या माणसानं नळीले कुंकवाचा टिळा लागू दिला नाही, त्याच्या बंदुकीवर मशीन फिरवली. वरून लिहिलं काय? Tribute to Papa.

आयुष्यात कधी पापा म्हटलं नाही आम्ही त्याइले.

वहिनी म्हणे, "दीदी, पहले तो कबाड़ लगती थी."

मी ताटावरून उठली. बोलली. सगळ्यांसमोर लय बोलली. त्याचं मले काहीच वाईट वाटून नाही राहिलं.

दादा आधी भडकला. "प्रेमानंच केलं ना मी!"

हो, प्रेमानंच. बाबा काय दाखवायचे, ते एकदा तरी पाहायचं होतं मग.

मग तोच उठला. रायफल खाली काढली, पोरीच्या फळ्याचा खडू आणला. घासला, पुसला. काहीच नाही. परत घासला. रडून राहिला होता. हे लिहू नको म्हणाला, मी लिहिते.

आई सोफ्यावर बसून पाहून राहिली होती. तिथूनच म्हणाली, "लाकडाखाली पाह्य ना. एक ठप्पा झाकलेला हाय, तुमचे बाबा म्हणत होते."

दादानं स्क्रू खोलले. नळीवरचं लाकूड हळूच उचललं. बफिंगवाला तिथपर्यंत गेलाच नव्हता, कामचोर कुठला, भलं होवो त्याचं.

तिथली नळी अजून काळी होती. खडू घासला, पुसला.

मुकुट. अक्षर. नंबर.

आई उठली, देवाजवळून कुंकू घेऊन आली. बोट ओलं केलं.

लाकडाले लावलं.

खालचा फोटो त्या ठप्प्याचा आहे. द्यायचं तं याले द्या हार्ट.

बाबा, एक माणूस वाचला.

आमचा सगळ्यांचा वाकून नमस्कार तुमाले.